चोर्ल्याच्या धुक्यात कोणता बल्ब?

वाचकांचे प्रश्न, बेळगावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनची उत्तरं

खानापूरहून गोव्याला पिकअपमधून भाजी नेतो. मध्यरात्रीनंतर निघतो. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात धुकं लागलं की काही दिसत नाही. दुकानदार म्हणतो, हेडलाईटला १००/९० वॅटचे बल्ब टाका आणि खाली पिवळे फॉग लॅम्प लावा. दोन्ही करू का?
— एक भाजी वाहतूकदार, खानापूर

पिवळे फॉग लॅम्प लावा. १००/९० लावू नका.

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. त्यांच्यावर उजेड पडला की तो चहूकडे फेकला जातो आणि त्यातला बराचसा तुमच्याच डोळ्यांत परत येतो. घाटात अप्पर (लांबचा झोत) मारला की समोर पांढरा पडदा उभा राहतो, तो यामुळेच. तिथे जादा वॅट घातले तर पडदा आणखी पांढरा होईल, रस्ता काही दिसायचा नाही. धुक्यात उजेड किती आहे यापेक्षा तो कुठून निघतो आणि किती वर चढतो, हे बघायचं. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतो, कारण त्याचा आडवा, रुंद झोत धुक्याच्या खालून रस्त्याला लागून गेला पाहिजे आणि तुमच्या नजरेच्या रेषेपासून लांब राहिला पाहिजे. मग कडेची पांढरी पट्टी, वळणावरचा कठडा, दरीकडचे दगड दिसतात. आंतरराष्ट्रीय नियमांत कारच्या फॉग लॅम्पची जागा जमिनीपासून २५ ते ८० सेंटिमीटर अशी ठरवून दिली आहे. केबिनच्या टपावर ओळीने लावलेले गोल दिवे धुक्यात उपयोगाचे नाहीत, उलट तेच आंधळं करतात.

पिवळ्या रंगाबद्दल दुकानात सांगतात की तो धुकं भेदून जातो. तसं होत नाही. धुक्याचा थेंब साधारण १० मायक्रॉनचा, उजेडाची लहर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. एवढ्या मोठ्या थेंबावरून सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. मग पिवळा का घ्यायचा? परत येणाऱ्या उजेडातला निळा भाग डोळ्यांना सगळ्यात जास्त खुपतो आणि पिवळ्यात तो गाळलेला असतो. घाटभर डोळे ताणून बसणाऱ्या माणसाला हा फरक कळतो. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाईटसुद्धा पिवळेच असायचे. खोक्यावर ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं बघून घ्या. ६००० च्या पुढचा निळसर पांढरा चोर्ल्याला नको.

फॉग लॅम्प एलईडीचा घ्यायचा असेल तर काच, रिफ्लेक्टर आणि चिप एकत्र असलेला पूर्ण दिवा घ्या. हॅलोजनच्या जुन्या फॉग लॅम्पमध्ये नुसता एलईडी बल्ब खोचला की झोत वर फाकतो आणि खाली दिवा लावण्याचा हेतूच जातो. शिवाय हॅलोजनच्या उष्णतेने काचेच्या आतला दमटपणा सुकतो. एलईडीचा उजेड थंड, पावसाळ्यात काच आतून धुरकट होऊन तशीच राहते.

आता १००/९०. कंपनीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अप्पर ६० आणि डिप्पर (खाली वळवलेला झोत) ५५. १२ व्होल्टवर ५५ वॅटला साडेचार अँपिअरच्या वर थोडा करंट लागतो. ९० वॅटला साडेसात. होल्डरच्या पातीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट होते. माझ्याकडे असल्या गाड्या येतात तेव्हा कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग) काळा पडून वितळलेला असतो, स्विचचा पॉइंट जळालेला असतो आणि प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरवरची चकाकी बल्बच्या वरच्या बाजूला करपलेली असते. चकाकी गेली की पुन्हा ५५ वॅटचा बल्ब घातला तरी पूर्वीचा उजेड येत नाही, पूर्ण दिवाच बदलावा लागतो. आणि हे बल्ब रस्त्यावर चालवायला परवानगीही नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या गाडीला सगळ्यात गरजेचं सांगतो. मागे माल भरला की पिकअपचा मागचा पाटा दबतो, तोंड वर होतं आणि डिप्परसुद्धा अप्परसारखा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डॅशबोर्डवर दिव्याचा खाली-वर करायचा नॉब असेल तर माल भरल्यावर तो फिरवत जा. नसेल तर फोकस भरलेल्या गाडीवरच सेट करून घ्या. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर लांब गाडी लावा, हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिप्परची वरची कड त्या रेषेच्या १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. फॉग लॅम्प त्याहून खाली ठेवा. यात खर्च जवळजवळ नाही आणि नवीन बल्बापेक्षा फरक जास्त पडतो.

काका, माझी २०१४ ची स्विफ्ट आहे. एच-४ च्या जागी ६००० केल्विनचे एलईडी बल्ब बसवले. उजेड जबरदस्त आहे, पण तवंदी घाटात समोरचे सारखे डिप्पर मारतात. मित्र म्हणतो, कर्नाटकात पकडतात, कोगनोळी नाका ओलांडला की काही नाही. खरं का?
— एक इंजिनिअर, निपाणी

समोरचे डिप्पर मारतात कारण त्यांना दिसत नाही. तू डिप्परवर आहेस असं तुला वाटतं, पण तुझा उजेड डिप्परचा राहिलेलाच नाही.

जुना एच-४ बल्ब हातात घेऊन नीट बघ. आत दोन तारा आहेत. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी आहे. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे डिप्परवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि झोत खाली वळतो. आपल्याकडे डावीकडून चालायचं, म्हणून झोताची कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे थोडी वर चढलेली असते. समोरच्याचे डोळे वाचावेत आणि आपल्या बाजूचा सायकलवाला दिसावा, म्हणून ही सगळी रचना. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग त्या तारेच्या जागेवरून मोजून घडवलेला आहे. तार एखादा मिलिमीटर हलली तरी झोत बिघडतो. एलईडी बल्बात तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात, उजेड सगळीकडे सारखा फेकत नाहीत आणि वाटीची नक्कल बहुतेकांत नीट नसते. मग गाडीच्या पुढची चार-पाच पावलं लख्ख होतात, लांबचं कमी दिसतं आणि बाकीचा उजेड समोरच्याच्या काचेवर जातो. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांची बाहुली लहान होते, लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. तुला ‘जबरदस्त’ वाटतं ते या जवळच्या उजेडामुळे.

कायद्याचं म्हणशील तर मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि केंद्राचा आहे. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या रचनेत फेरफार करण्याबद्दलचं कलम ५२ बेळगावला जे आहे तेच कोल्हापूरला. कर्नाटक पोलिसांनी २०२४ च्या जुलैपासून डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांवर राज्यभर मोहीम घेऊन कलम १७७ खाली केसेस घातल्या, म्हणून तुझ्या मित्राला फरक वाटतो. केए-२३ असो की एमएच-०९, नियम तोच.

पण मी पोलिसांच्या भीतीने सांगत नाही. तवंदीच्या वळणावर समोरून दुचाकीवर नवरा-बायको आणि मधे मूल येत असतं. त्या माणसाला दोन-तीन सेकंद काही दिसत नाही आणि तेवढ्यात तो कुठे जाईल हे तुझ्या हातात नाही. ते बल्ब काढ. पांढराच उजेड हवा तर तुझ्या मॉडेलसाठी मंजूर असलेला पूर्ण हेडलाईट युनिट मिळतो का बघ. नाहीतर ६०/५५ मध्येच ‘प्लस’ लिहिलेले चांगल्या कंपनीचे हॅलोजन घे. त्यांची तार जास्त घट्ट आणि जास्त तापणारी असते, वॅट तेवढेच राहून रस्त्यावर लांबवर उजेड वाढतो. आयुष्य मात्र कमी. निळ्या काचेचे घेऊ नको, तो निळा लेप उजेड खातो.

मी शिक्षिका आहे. चंदगड तालुक्यातल्या शाळेतून पाटणे फाटा, शिनोळीमार्गे संध्याकाळी बेळगावला परत येते. गाडी २०१२ ची. दिवे इतके मंद झालेत की रस्ता अंदाजाने चालवते. कोणते बल्ब घालू?
— एक वाचक, टिळकवाडी

ताई, आत्ता कोणतेच नवीन बल्ब घेऊ नका. आधी दिवसा गाडीसमोर उभ्या राहून हेडलाईटची काच बघा. ती खरी काच नाही, पॉलिकार्बोनेट आहे. उन्हाने तिच्यावरचा थर जातो आणि ती पिवळी, खरखरीत होते. आतून हॅलोजन पुरेसा जळत असला तरी बाहेर निम्मा येत नाही, जो येतो तो फाकतो. पाण्यात भिजवलेल्या ८००, मग १०००, मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पॉलिश करून वर यूव्ही क्लिअर कोट (ऊन अडवणारा पारदर्शक थर) मारला की ती उजळते. टूथपेस्टने घासायला सांगणारे असतात. त्याने काही दिवस चमकते, पण वर संरक्षक थर नसल्यामुळे पुन्हा पिवळी पडते. क्लिअर कोट मारल्याशिवाय पैसे देऊ नका.

तेवढ्याने भागलं नाही तर वायरिंग. इंजिन चालू, हेडलाईट चालू ठेवून मीटरने बॅटरीवर व्होल्ट मोजायला सांगा, मग बल्बच्या कपलरवर मोजायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वाटेत कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा अर्थिंगचा गंजलेला बोल्ट असतो. व्होल्टेज थोडं पडलं तरी हॅलोजनचा उजेड फार पडतो: १३.२ व्होल्टचे १२ झाले तर उजेडाचा चौथा हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, गेला. अर्थिंग साफ करून फायदा झाला नाही तर रिले किट बसवा. त्यात बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर थेट बल्बला जाते आणि जुनी वायर फक्त रिले चालू करायला राहते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांनी बल्ब बदलायला गाडी आणली आणि एवढ्यावर समाधानाने परत नेली.

आणि ताई, एकदा डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू सुरू होत असेल तर समोरच्या दिव्याभोवती कडं दिसतं आणि दोष दिव्याला दिला जातो.

उजवीकडचा हेडलाईट बल्ब सारखा जातो, डावा टिकतो. बल्बच खराब येतात का? — जांबोटी

बल्ब बसवताना काचेला बोट लावता का? हॅलोजनची काच क्वार्ट्‌झची असते. बोटाचं तेल तापून तिथे डाग पडतो आणि काच फुटते. कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने धरा. तेही करत असाल तर उजव्या होल्डरची पाती ढिली आहे का आणि मागचं रबरी बूट फाटून पाणी आत जातं का, बघा. आणि बदलताना दोन्ही बदला.

आमचा ट्रॅक्टर हंगामात संकेश्वरकडच्या कारखान्याला ऊस नेतो. पोरगं म्हणतं, मागच्या ट्रॉलीला पांढरे एलईडी फोकस लावू, म्हणजे मागच्याला लांबून दिसेल. लावू का?
— एक ऊस उत्पादक, हुक्केरी तालुका

मागे पांढरा दिवा मुळीच नको. रात्री मागून येणाऱ्याला पांढरा उजेड म्हणजे समोरून येणारी गाडी वाटते, आणि त्याचे डोळेही दिपतात. मागे लाल, पुढे पांढरं, बाजूला पिवळं, हा क्रम पक्का ठेवा.

दोन ट्रॉल्या असतील तर दिवा शेवटच्या ट्रॉलीला हवा, ट्रॅक्टरला असून उपयोग नाही. मधल्या कपलिंगमधून वायर ओढून नेतात ती हिसक्याने तुटते, म्हणून तिथे प्लग-सॉकेट ठेवा आणि वायरला थोडी ढील द्या. पण वायर तुटली, बॅटरी उतरली, ट्रॉली चाक मोडून हायवेच्या कडेला रात्रभर उभी राहिली, तरी काम करतं ते रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी. त्यांना करंट लागत नाही, मागच्या गाडीचाच उजेड ती परत फेकते. दोन्ही कोपऱ्यांना लाल रिफ्लेक्टर आणि फाळक्याच्या पूर्ण रुंदीला लाल पट्टी लावा, म्हणजे ट्रॉली किती रुंद आहे हे मागच्याला कळेल. हंगामात वंटमुरी ते निपाणी रात्री गाडी चालवणारा प्रत्येक जण हीच पट्टी शोधत असतो.

ऊस मागे लोंबतो आणि पट्टी झाकतो, म्हणून ती फाळक्याच्या खालच्या कडेला, चेसिसच्या आडव्या पट्टीवर लावा. चिकटवण्याआधी पत्रा डिझेलने पुसू नका, तेलकटपणा राहतो आणि पट्टी सुटून येते. थिनरने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग दाबून बसवा. कारखान्यावरून रिकामं परतताना पट्टीवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसायचं काम पोराकडे द्या.