गरब्याच्या घेरात दिवे: आधी करंट, मग कंट्रोलर

ताई, भाचीच्या चनिया-चोळीसाठी केलेली तुमची यादी पाहिली: लिलीपॅड (कपड्यावर शिवायचा, दिवे चालवणारा कंट्रोलर बोर्ड), कंडक्टिव्ह म्हणजे वीज वाहणारा धागा, मीटरला १४४ एलईडीची पट्टी आणि १००० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी). रंग बदलणारे दिवे पूर्ण घेरभर हवेत, हेही लक्षात घेतलं. कल्पना फार सुंदर आहे, म्हणूनच सामान आणण्याआधी हे वाचा.

सुरुवात पट्टीपासून करू. घेर ५ मीटरचा धरला तर एलईडी झाले ७२०. अशा पट्टीतला डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिॲम्प खातो. गुणाकार केला की ४३ ॲम्पिअर! अंगावर घालायच्या कपड्यात एवढा करंट नकोच. शिवाय पट्टी कडक असते. फेरी घेताना घेर उघडतो, मिटतो, आणि पट्टीचे सोल्डरचे जोड तिथेच तुटतात. त्याऐवजी बारीक वायरवर १०-१० सेंटिमीटरला एक एलईडी असलेली माळ घ्या, ५ व्होल्टची, प्रत्येक एलईडी वेगळा चालवता येईल अशी. ५० एलईडी पुरतात. अस्तर आणि वरच्या नेटच्या मधून माळ फिरवली की उजेड पसरतो, टोचतही नाही.

आता धागा. स्टीलच्या तीन पदरी धाग्याचा रोध, म्हणजे वीज अडवण्याचं प्रमाण, मीटरला तीसेक ओहम असतो. त्यातून १०० मिलिॲम्प नेले तर एका मीटरमध्येच ३ व्होल्ट गळतात, पुढच्या एलईडीला उरणार काय? चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्याचा रोध कमी असतो, पण घामाने तो काळा पडतो, आणि बडोद्यातला आश्विनातला उकाडा तुम्हाला सांगायला नको. घेरासाठी सिलिकॉनच्या आवरणाची २८ गेजची वायर घ्या. तिचा रोध मीटरला पाव ओहमहून कमी. धागा हौसेने वापरायचाच असेल तर चोळीच्या बाहीवर दोन-तीन सुटे एलईडी आणि एक बटण सेल एवढ्यापुरता वापरा. घरात लहान मूल असेल तर मात्र त्या सेलची डबी स्क्रूने बंद होणारीच हवी. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो, आणि तेही काही तासांत.

जरीकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. काठाला धातूची जरी असेल आणि उघडा जोड तिला टेकला, तर सरळ शॉर्ट. प्लॅस्टिकची जरी बहुधा वीज वाहत नाही, पण दिसायला दोन्ही सारख्याच. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन टोकं जरीवर चार बोटांच्या अंतराने टेकवा. वाजला तर तिथून वायर नेऊ नका.

बॅटरीच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. मऊ पाकिटाची उघडी लिपो दाबली गेली किंवा तिला टोक लागलं तर पेट घेऊ शकते; दांडियाच्या गर्दीत, नायलॉनच्या नेटखाली ती नकोच. कडक कवचाची, नावाजलेल्या कंपनीची ५००० एमएएचची पॉवर बँक घ्या आणि नेफ्याखाली, कमरेच्या बाजूला जाड कापडाची पिशवी शिवून तीत ठेवा. कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये ब्राइटनेस पाव ठेवला तर ५० एलईडी पांढऱ्या रंगालासुद्धा पाऊण ॲम्पिअरच्या आसपास राहतात, म्हणजे चारेक तास आरामात निघतात. तुमच्या यादीतली लिपो तासाभरात संपली असती.

माळेच्या एका टोकाने वीज दिली तर शेवटचे दिवे मंद आणि लालसर दिसतात. घेर गोल असल्यामुळे दोन्ही टोकं एकाच जागी येतात. ५ व्होल्ट आणि ग्राउंड (वजा बाजू) दोन्ही टोकांना द्या, डेटा, म्हणजे रंग सांगणारा सिग्नल, फक्त एका टोकाला.

जोडाकडे भरपूर वेळ द्या. प्रत्येक जोडावर हीट श्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटरवर वायर कापडाला टाचून टाका, म्हणजे ओढ टाक्यावर येते, सोल्डरवर येत नाही. कमरेपासून खाली येणारी वायर ताणून न लावता नागमोडी लावा. धुण्यासाठी सगळं सामान निघायला हवं, तेव्हा माळ एका सुट्या फितीवर शिवा आणि ती फीत टिच बटणांनी आतून लावा.

कंट्रोलर मुद्दाम शेवटी ठेवला. लिलीपॅड ही लीआ ब्यूकली यांची २००७ मध्ये बाजारात आलेली उत्तम कल्पना, पण तिची गोल भोकं धाग्याने शिवण्यासाठी आहेत. तुम्ही वायर सोल्डर करणार, तर साधा अर्डुइनो नॅनो किंवा एटीटायनी८५ चिपचा छोटा बोर्ड भागवतो. दोन्ही ५ व्होल्टवर चालतात, हे महत्त्वाचं. ३.३ व्होल्टचा बोर्ड घेतला तर या एलईडींना डेटा कधी कळतो, कधी नाही. त्यांना डेटासाठी किमान ३.५ व्होल्ट लागतात. डेटाच्या वायरीत सुरुवातीलाच ३३० ओहमचा रेझिस्टर टाका.

ओढणीवरही दिवे हवेत, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तिथे वायर नकोच. गर्दीत ओढणी कुणाच्या तरी बांगडीत अडकते, आणि तिच्यामागे सगळी जोडणी ओढली जाते. ओढणीला आभले लावा. मंगळ बाजारात हवे तेवढे मिळतील.