मुलीचं नाव 'सोयरा' ठेवू का? अर्थ काय, कुठून आलं आणि हल्ली कितपत ठेवतात?

तुम्ही लिहिलंय की लेकीचं नक्षत्र पूर्वाभाद्रपदा, अक्षर 'सो' आलं, तुम्हाला 'सोयरा' आवडलं आणि सासरे म्हणतात, जुनाट आहे, शिवाय 'त्या' राणीचं नाव, घरात भांडणं लागतील. माझ्या मुलीचं नाव सोयरा आहे. आम्ही भांडुपला राहतो, ती आता पाचवीत आहे. हा प्रश्न वाचून पुढे जाणं मला शक्यच नव्हतं.

अर्थ सरळ आहे. सोयरा म्हणजे आपलं माणूस, नात्यातलं. सोयरीक, सगेसोयरे ही सगळी त्याच कुळातली. २०२४ साली आरक्षणाच्या मसुद्यामुळे 'सगेसोयरे' महिनोन्‌महिने बातम्यांत होतं, तेव्हापासून तर कुणाला अर्थ सांगावाच लागत नाही. तुकोबांनी झाडावेलींना आणि रानातल्या जिवांना सोयरे म्हटलंय, शाळेत आपण सगळ्यांनीच ते पाठ केलंय. कुणी शहाणा म्हणेल की सोयरा पुल्लिंगी, बाईसाठी सोयरी. म्हणू दे. नाव म्हणून ते सातशे वर्षं बाईचंच आहे.

ती सातशे वर्षांपूर्वीची बाई म्हणजे संत सोयराबाई, चोखोबांची बायको. सासऱ्यांना फक्त राणी आठवली, हीच तर खरी अडचण आहे. आमच्याकडेही तेच झालं.

बारसं आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, वरवंट्याला कुंची घालून ठेवलेला, एकीकडे घुगऱ्यांचं पातेलं. भिंतीवर नावाचा बोर्ड, वरून सोनेरी कागद लावलेला, आत्याने कानात नाव सांगितलं की तो ओढायचा. नाव आमचं दोघांचं आधीच ठरलं होतं, नणंदेला सांगितलंही होतं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, नणंद पाळण्यात वाकली, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, 'कुर्रर्र' झालं. ती सरळ उभी राहिली आणि हसत सगळ्यांना म्हणाली, "स्वरा!" तेवढ्यात माझ्या भावाने कागद ओढला. बोर्डावर 'सोयरा'. हॉलमध्ये दोन्ही नावं एकदमच उच्चारली गेली. लहान मुलं मोठ्याने बोर्ड वाचायला लागली, म्हाताऱ्या एकमेकींना विचारायला लागल्या की नक्की काय ठेवलं. सासूबाईंनी घाईघाईने घुगऱ्या वाटायला घेतल्या.

नंतर आत भांडी ठेवली होती तिथे मी नणंदेला गाठलं. ताई, असं का केलंत? ती आधी म्हणाली, "अगं, त्या मालिकांमध्ये बघ ना कशी दाखवतात ती सोयराबाई. कारस्थानी. मुलीला आयुष्यभर तेच ऐकावं लागेल." मी म्हटलं, आम्ही संत सोयराबाईंवरून ठेवलंय. त्यावर ती आवाज खाली आणून बोलली, "संत असेल गं, पण आपल्यात ठेवतात का ते नाव?"

'आपल्यात'. मालिका हे निमित्त होतं, खरं कारण हे. आमची जात कोणती ते मी इथे लिहिणार नाही, आणि कुणी विचारूही नका.

मी तिला तिथेच सांगितलं की तुम्ही रोज सकाळी दिवा लावताना मोबाइलवर जे 'अवघा रंग एक झाला' लावता, ते सोयराबाईचं आहे. तर म्हणाली, "ते चोखोबांचं आहे." आज इतकी वर्षं झाली, अजून तिचं तेच चालू आहे. गणपतीला सगळे जमलो की हमखास निघतं. कधी म्हणे नामदेवांचं, कधी चोखोबांचं. म्हणून इथे एकदाचं लिहून ठेवते. अभंगाचा शेवटचा चरण नीट ऐका: 'पाहते पाहणें गेलें दूरी, म्हणे चोखियाची महारी.' चोखोबा स्वतःला चोखियाची महारी कशाला म्हणतील? ही त्यांच्या बायकोची सही आहे. किशोरीताई आमोणकरांच्या आवाजामुळे हा अभंग घराघरांत गेला, लोकांना गाणारी माहीत आहे, लिहिणारी नाही. आणि त्या सहीत तिचं स्वतःचं नावसुद्धा नाही. नवरा आहे, जात आहे, सोयरा नाही. कितीतरी अभंगांत तिची हीच सही आहे. म्हणून तर मला ते नाव पाळण्यात हवं होतं.

ज्यांना अजून शंका आहे त्यांनी तिचा दुसरा अभंग वाचावा. 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध.' पुढे ती विचारते, देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला तो कोण? विटाळ नसता तर कुणाचा देह तरी झाला असता का? चौदाव्या शतकातली बाई, देवळाच्या आत पाऊल टाकायची परवानगी नाही, आणि प्रश्न हा. नवरा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून गेला, साल १३३८. समाधी पंढरपुरात, महाद्वारासमोर. नणंद निर्मळा, नंदावा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळेच अभंग रचणारे. असं घर मला तरी दुसरं माहीत नाही.

या घराची एक आख्यायिका वारकऱ्यांत सांगतात. सोयरेचे दिवस भरले होते, जवळ कुणी नव्हतं. चोखोबा बहिणीला आणायला गेलेले. तेवढ्यात निर्मळा दारात हजर झाली, तिने बाळंतपण केलं, घर सांभाळलं. खरी निर्मळा आल्यावर कळलं की आधी आलेला विठ्ठल होता. माझी आजी नायगावच्या चाळीतल्या भजनी मंडळात होती, ही गोष्ट सांगताना ती दर वेळी रडायची, नाव तिच्याकडूनच आलं. देवाला त्या घरात यायला नणंदेचं रूप घ्यावंसं वाटलं, यातच काय ते आलं. माझ्या नणंदेला हे मी सांगून झालंय.

आता राणीबद्दल, कारण सासरे तिच्यावरच अडलेत. सोयराबाई तळबीडच्या मोहित्यांची लेक, हंबीरराव मोहित्यांची बहीण, राजाराम महाराजांची आई. १६७४ च्या राज्याभिषेकात पट्टराणी म्हणून शिवाजी महाराजांशेजारी तीच होती. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले आणि तिने दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवायचा प्रयत्न केला, हे खरं आहे. सख्खा भाऊच संभाजी महाराजांच्या बाजूने उभा राहिला, हेही खरं. पण विषप्रयोग वगैरे जे मालिकेत रंगवतात त्याला भरवशाचा पुरावा नाही. संभाजी महाराजांनी बाकरे यांना दिलेल्या संस्कृत दानपत्रात सावत्र आईचा उल्लेख स्फटिकासारख्या निर्मळ मनाची असा केलेला आहे. ज्यांच्याशी तिचं वैर होतं असं आपण म्हणतो त्यांनीच हे लिहवलंय, मग आपण दिवाणखान्यात बसून कोण तिला खलनायिका ठरवणार? आपल्या मुलासाठी गादी मागितली म्हणून आईचं नाव साडेतीनशे वर्षं टाकून द्यायचं, हे मला पटत नाही. मुलांना पुरुषांची नावं ठेवताना इतका इतिहास कुणी तपासत नाही.

किती ठेवतात? फार कमी. आजी-पणजीच्या पिढीत गावाकडे 'सोयराबाई' सापडतील, हल्लीच्या मुलींत नाव दुर्मिळच आहे. आमच्या शाळेत, सोसायटीत, क्लासला दुसरी सोयरा अजून भेटलेली नाही. वर्गात स्वरा मात्र जोडीने आहेत, आराध्या आणि अन्वीही. 'सो'वरून सोनाली, सोनल, सोहनी मिळतील, चांगलीच नावं आहेत, पण तुम्हाला सोयरा आवडलंय तर तेच ठेवा.

त्रासही सांगायला हवा. मुंबईत अमराठी लोक हमखास 'सायरा' ऐकतात. शाळेत पहिली दोन वर्षं मुलं 'सोयाबीन' म्हणून चिडवत होती, मग थांबली. इंग्रजी स्पेलिंग आधीच पक्कं करा: एस-ओ-वाय-ए-आर-ए. मधला ए गाळला की लोक 'सोय्रा' म्हणतात. जन्मदाखल्यावर नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत शुल्क लागत नाही, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून होतं. पण आधार काढायच्या आधी वॉर्ड ऑफिसात जाऊन दाखल्यावर नाव घालून घ्या. मी बारशानंतर लगेच घातलं, त्यामुळे घरात कुणी काहीही हाक मारली तरी कागदावर वाद उरला नाही. नणंद अजून स्वराच म्हणते. लेक तिला ओ देत नाही, आणि मी त्यासाठी तिला कधी रागावणार नाही.

सासऱ्यांशी राणीवरून वाद घालत बसू नका. त्यांना अभंग ऐकवा, शेवटच्या चरणापर्यंत. आणि जिच्या हातून नाव ठेवणार आहात त्या आत्याला बारशाच्या आधीच सगळ्यांसमोर विचारून घ्या, कानात काय सांगणार आहेस.