भयकथेतल्या राक्षसालाही नियम पाळावे लागतात

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या नेटफ्लिक्सवरच्या अमेरिकन भयमालिकेचे कथानक सगळ्या सीझनमध्ये सुसंगत राहिले आहे का, आणि मुळात राक्षसच काल्पनिक असताना सुसंगतीचा आग्रह का धरावा, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावरून माझे एका माणसाशी असलेले भांडण अजून मिटलेले नाही. आग्रह धरलाच पाहिजे. कौटुंबिक मालिकेत एखादा धागा सुटला तर प्रेक्षक तो स्वतःच्या अनुभवाने जोडून घेतो. परजगातून आलेल्या प्राण्याविषयी मात्र त्याच्या हाताशी लेखकाने सांगितलेल्या नियमांखेरीज काहीच नसते. प्राणी काय करू शकत नाही हे ठाऊक असेल, तरच तो काय करील याची धास्ती वाटते.

या मालिकेतला थंडीचा नियम पाहा. दुसऱ्या सीझनमध्ये विल या मुलाच्या अंगात शिरलेल्या परजगातल्या शक्तीला गारवा लागतो, तो गरम पाण्यात उतरायला तयार होत नाही, आणि शेवटी हीटर लावून, खोली तापवूनच ती शक्ती त्याच्या शरीरातून हुसकावली जाते. तिसऱ्या सीझनमध्ये, १९८५ च्या उन्हाळ्यात, त्याच शक्तीने पछाडलेला बिली हा तरुण बर्फाच्या पाण्यात बसतो आणि मुले त्याची परीक्षा घेण्यासाठी त्याला सौनामध्ये, म्हणजे घाम काढणाऱ्या तापलेल्या खोलीत, कोंडतात. कोणी भाषण देऊन नियमाची आठवण करून देत नाही, तरी बर्फ दिसताच आपल्याला कळून चुकते. मला हे लेखन फार उच्च प्रतीचे वाटते.

माझे भांडणही नेमके थंडीवरूनच झाले. मी जळगाव जिल्ह्यातला; काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली होती. ती घडते रावेरकडच्या एका केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत ठेवतात, इथिलीन सोडतात आणि तापमान सोळा-अठरा अंशांच्या आसपास राखतात, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. माझ्या एकांकिकेतला जीव त्या गारव्यावर जगतो. बाहेर मे महिन्याचे ऊन आहे, म्हणून तो दाराबाहेर पडू शकत नाही. रंगमंचावर दाराशेजारी तांबड्या आकड्यांची एक पाटी होती आणि संपूर्ण नाट्य त्या आकड्यांवर उभे होते. एरवी ज्या लोडशेडिंगला सगळे शिव्या घालतात, तेच आत अडकलेल्या दोन हमालांच्या सुटकेची एकमेव आशा होते, कारण वीज गेली की आकडा चढणार आणि तो जीव मरणार. हा उलटफेर मला आजही अभिमानाचा वाटतो.

दिग्दर्शकांना शेवट दणदणीत हवा होता. त्यांनी तो जीव भर दुपारी अंगणात आणला. मी हरकत घेतली, तेव्हा म्हणाले, “नाना, प्रेक्षक घाबरायला येतो, थर्मामीटर लावायला नाही.” अमळनेरच्या प्रयोगात तो जीव बाहेर आला, पिवळा प्रकाश पडला, आणि पुढच्या रांगांतून एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, “मंग हाई बाहेर कसं उनं? बाहेर तं ऊन शे!” (मग हे बाहेर कसे आले? बाहेर तर ऊन आहे!) सभागृह हसले आणि त्यानंतर कोणीही घाबरले नाही. दिग्दर्शक मात्र अजूनही संहिता ‘फार तांत्रिक’ होती असेच सांगतात.

आता आपला पहिला प्रश्न. मालिकेत चुका आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी राक्षसाविषयीची नाहीच. दुसऱ्या सीझनमध्ये विलची आई जॉइस त्याला शुद्धीवर आणण्यासाठी त्याच्या २२ मार्चच्या वाढदिवसाची आठवण सांगते: आठवे वर्ष, १२० रंगांची खडूंची पेटी, त्याने काढलेले मोठे अवकाशयान. चौथ्या सीझनमध्ये २२ मार्च १९८६ उजाडतो आणि आईपासून मित्रांपर्यंत कोणालाही तो वाढदिवस आठवत नाही. आपण विसरलो हे निर्माते डफर बंधूंनी मुलाखतीत मान्य केले आणि महिना बदलून मे करण्याचा विचारही बोलून दाखवला. ज्या आठवणीने आईने मुलाला साद घातली, तीच लेखक विसरतात, हे मला सहज सोडून देण्यासारखे वाटत नाही.

याउलट, अपसाइड डाउनमध्ये, म्हणजे राक्षस जिथून येतात त्या मालिकेतल्या परजगात, काळ ६ नोव्हेंबर १९८३ ला थांबलेला आहे, हे चौथ्या सीझनमध्ये उघड होते, त्याला मी विसंगती म्हणणार नाही. मालिकेतल्या नॅन्सी या मुलीला तिथल्या आपल्या खोलीत तिच्या बंदुका सापडत नाहीत आणि रोजनिशी त्या तारखेपुढे कोरी असते, म्हणजे नियम वस्तूंतून दाखवला जातो. एवढे मात्र खरे की २०१६ ते २०२५ इतकी वर्षे चाललेल्या मालिकेत सगळे तपशील जुळणे कठीण आहे, आणि पाचव्या सीझनचा विचार मी येथे केलेला नाही.

आपले मित्र “गोष्टच तर आहे” म्हणत असतील, तर त्यांना सांगा की नियम पाळूनही धक्का देता येतो. आमच्या दिग्दर्शकांना तो जीव बाहेरच हवा होता, तर प्रसंग जानेवारीच्या रात्री ठेवायचा होता. पारा दहाच्या खाली गेला की रावेर-यावल पट्ट्यात केळी वाचवण्यासाठी शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. त्या थंडीत चेंबरचे दार उघडले असते तर त्याला अडवणारे काहीच उरले नसते. हे मी त्यांना तालमीतच सांगितले होते, आणि हमालांच्या अंगावर स्वेटर चढवण्याइतका बदलही त्यांनी करू दिला नाही.