आयटीआय झालेल्या मुलांना खरोखर काम येते का?

आसपासचे कारखानदार आयटीआयची मुले कामाची नसतात असे सांगतात, तेव्हा दहावी झालेल्या मुलाला तिथे घालावे का, आणि घातल्यास फिटर बरा की इलेक्ट्रिशियन, असे आपण विचारले आहे. मी एका शासकीय आयटीआयमध्ये एकोणीस वर्षे फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक आहे आणि 'कामाची नसतात' हे शब्द मला अजूनही लागतात, म्हणून लिहितो.

माझ्या एका विद्यार्थ्याची कानस सुरुवातीला दोन्ही टोकांना झुकायची आणि जॉब, म्हणजे घासायला दिलेला धातूचा तुकडा, मधोमध फुगीर राहायचा. पहिल्या वर्षी बहुतेकांचे असेच होते. हा मुलगा मात्र गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून जॉब खिडकीकडे धरायचा आणि पात्याखालून उजेड दिसला की कोणी न सांगता तो पुन्हा व्हाइसमध्ये (पकडशेगड्यात) बांधायचा. तीन आठवड्यांनी त्याने जॉब माझ्या हातात ठेवला, तेव्हा गुण्याखाली उजेडाची रेघ कुठेही नव्हती. दुसऱ्या वर्षाअखेर तो ड्रॉइंग वाचून एकात एक बसणारे जोड स्वतः आखून तयार करत होता.

पुढे तो जवळच्या एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, म्हणून लागला. आठ महिन्यांनी मी भेटायला गेलो, तर तो माल रवाना करण्याच्या विभागात खोक्यांवर लेबले चिकटवत होता. करारावर ट्रेड फिटर असाच होता. मी कार्मिक अधिकाऱ्यांना विचारले, तर ते म्हणाले, "तिकडे माणसे कमी आहेत, आणि हा वर्ष संपले की जाणारच आहे." याच गृहस्थांनी महिनाभरापूर्वी आमच्या संस्थेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुलांना ड्रॉइंग वाचता येत नाही, अशी तक्रार सगळ्यांसमोर केली होती. ज्याला आठ महिन्यांत एकही ड्रॉइंग दाखवले नाही, त्याला ते वाचता येत नाही हे तुम्हाला कळले कसे, असे मी त्यांना विचारले. त्यावर त्यांनी विषय बदलला. तो मुलगा आज त्याच कारखान्याच्या गोदामात कंत्राटी कामगार आहे.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ सालचा आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पंचवीस टक्के, पण महिना जास्तीत जास्त १,५०० रुपयांपर्यंतचा भाग केंद्र सरकार उचलते. इतके असूनही हा उमेदवार म्हणजे स्वस्तात मिळालेला हमाल, असे समजणाऱ्या कारखान्याला कुशल कामगार मिळत नसेल, तर तो दोष आयटीआयचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळे कारखाने असे नाहीत, हेही सांगायला हवे. पाच-दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालक स्वतः मशीनवर उभा असतो आणि तिथे मुले झपाट्याने तयार होतात, असा माझा अनुभव आहे. आमच्याही उणिवा आहेत. निदेशकांची पदे रिकामी राहतात, आणि जुन्या लेथवर शिकलेला मुलगा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनसमोर पहिले काही दिवस बिचकतो. मात्र ज्याला माप कळते, त्याला मशीन शिकवायला फार वेळ लागत नाही.

फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचेच आहेत. मुलाचा कल पाहून ठरवावे. प्रवेशापूर्वी त्या संस्थेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलांना मात्र जरूर भेटा. ती कोणत्या कारखान्यात अप्रेंटिस आहेत ते विचारा आणि त्यांची रोजच्या कामाची नोंदवही मागून बघा. त्या वहीत मापे आणि आकृत्या नसतील, तर आपल्या मुलाला उमेदवारीसाठी त्या कारखान्यात पाठवू नका, मग त्याचे नाव कितीही मोठे असो.