आधी कोर्ट ठरव, मग कॉलेज

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. पुण्याकडचं खासगी विद्यापीठ, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आणि रत्नागिरीचं भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय. तिघांपुढे फी, रँकिंग, प्लेसमेंट, सगळं व्यवस्थित लिहिलंयस. ज्या रकान्यावर हे सगळं अवलंबून आहे तो मात्र केलेलाच नाहीस. एलएलबी झाल्यावर तू कुठल्या कोर्टात उभी राहणार? राजापूरच्या दिवाणी कोर्टात, रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात, कोल्हापुरातल्या हायकोर्टाच्या बेंचपुढे, की मुंबईत एखाद्या फर्मच्या ऑफिसात, जिथे कोर्टाचं तोंड क्वचितच दिसतं? आधी कोर्ट ठरव. तोवर कॉलेजची तुलना करण्यात अर्थ नाही.

तू लिहितेस, ‘‘जज व्हायचंय, नाही जमलं तर कॉर्पोरेट.’’ या दोन वाटा पहिल्याच वर्षापासून वेगळ्या होतात. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. निकाल लागला की थेट एमपीएससीच्या परीक्षेला बसायचं, हा रस्ता आता बंद झाला. ही तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, तारखेपासून मोजली जातात, म्हणून निकालानंतर सनद काढायला एक महिनाही दवडू नकोस. सनदेला कायद्याने लागणारी फी अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांना 750 रुपये आहे. त्याहून जास्त रक्कम बार कौन्सिलांनी घेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केलंय. त्यानंतर बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा द्यायची. तिथे टिपा नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात, तेव्हा तिचा बाऊ करू नकोस.

आता पैशांकडे येऊ, कारण घोळ तिथे आहे. खासगी विद्यापीठाची फी, वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला चार लाख धर. तीन वर्षांचे बारा. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात. तुझ्या बाबांना वाटतंय बाग तारण ठेवू. बहुतेक बँका या कर्जाला शेतजमीन घेत नाहीत, कारण बँकांच्या थकीत कर्जवसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याच्या कलम 31 नुसार शेतजमिनीवर त्या कायद्याखाली वसुली करता येत नाही. राहिलं घर. ते सामाईक असेल तर मुंबईतल्या काकांपासून सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील. त्या मिळवताना काय होतं, ते कोकणात मी वेगळं सांगायला नको. काही निवडक संस्थांसाठी बँका विनातारण कर्ज देतात, पण त्यावरही व्याज चढतंच.

व्याज 10 टक्के धरलं, दर वर्षी चार लाख उचलले आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत मिळाली, तर सरळव्याजानेच 3 लाख 60 हजार चढतात. परतफेड सुरू होते ती 15 लाख 60 हजारांवर. दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता येतो साधारण 20,600 रुपये.

आणि तो सुरू कधी होतो? नेमका तू कुणाच्या तरी हाताखाली ज्युनियर असतेस तेव्हा. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियर वकिलांना शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार विद्यावेतन द्यावं, असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात त्याहून कमीवर काम करणारी मुलं रोज दिसतात. म्हणजे न्यायाधीशपदासाठी जी तीन वर्षं वकिली करायची, त्याच तीन वर्षांत डोक्यावर महिन्याला वीस हजारांहून अधिकचा हप्ता. अशी मुलं वकिली सोडून मिळेल ती नोकरी धरतात. जज होणं राहून जातं आणि वकीलही होता येत नाही. हापूसचं कलम लावताना पहिल्या मोसमात पेट्या भरतील, असा हिशेब तुझ्या बाबांनी केला नव्हता ना? मग तुझ्या बाबतीत का करतायत?

खासगी विद्यापीठ सरसकट वाईट आहे, असं मी म्हणत नाही. मोठ्या फर्मचीच नोकरी हवी आणि त्या फर्म तिथल्या तीन वर्षांच्या एलएलबीच्या मुलांना खरंच घेत असतील, तर कर्जाचा विचार कर. ‘तीन वर्षांच्या’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. माहितीपत्रकातले पॅकेजचे आकडे पुष्कळदा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे असतात. गेल्या दोन बॅचमधल्या तीन वर्षांच्या किती विद्यार्थ्यांना कुठे नोकरी लागली, हे ईमेलवर लेखी मागव. फोनवर मिळालेलं उत्तर धरू नकोस, आणि लेखी आल्याशिवाय एक रुपया भरू नकोस.

तुझ्या यादीत आणखी एक गोष्ट सुटलीय. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून हवा. संस्थास्तरावरच्या जागेवर गेलीस तर नाही, आणि खासगी विद्यापीठात तर नाहीच. तुझा ओबीसीचा दाखला कपाटात आहे आणि तुम्ही बारा लाखांच्या गप्पा मारताय! राग येतो मला याचा.

मुंबईचं शासकीय महाविद्यालय 1855 सालचं, चर्चगेटला. हायकोर्ट तिथून चालत जाण्याजोगं. फी काही हजारांत, खर्च खोलीचा आणि जेवणाचा. मुंबईत वकिली करायची असेल आणि सीईटीचे गुण पोचत असतील, तर डोळे झाकून जा. पण परत राजापुरात येऊन बसायचं असेल, तर तीन वर्षं मुंबईत राहून तुला इथले पक्षकार मिळणार नाहीत, इथल्या वकिलांची ओळख होणार नाही, इथलं दप्तर हाताळायला मिळणार नाही. आधी कोर्ट ठरव, मी पुन्हा तेच म्हणतोय. मुंबई-पुण्याला गेलं नाही म्हणजे माणूस मागे राहिला, हे तालुक्यातल्या वकिलांनी जन्मभर ऐकलंय. मीही ऐकलंय, आणि मला ते आजही मान्य नाही.

इथलं काम काय असतं ते बघ. सातबारा घे. भोगवटादारांत वीस-बावीस नावं, निम्मी मयत, वारस ठाण्या-विरारला. ‘इतर हक्क’मध्ये जुन्या कुळाचं नाव. फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, काढलास तर एका बहिणीचं नाव कुठल्याशा नोंदीत गळलेलं. पक्षकार म्हणतो, फेरफार माझ्या नावावर आहे, म्हणजे जमीन माझी. तुला सांगावं लागतं की फेरफाराने मालकी मिळत नाही. मग वाटपाचा दावा. हुकूमनामा झाला तरी सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून होतं, आणि तिथे मोजणी वर्षानुवर्षं अडते. कुळाला जमीन विकत देण्याची कुळकायद्याची 32 ग ची कारवाई झाली होती का, त्या खरेदीचं 32 म चं प्रमाणपत्र कुठे आहे, समुद्रालगत असेल तर किनाऱ्यावरच्या बांधकामाला निर्बंध घालणारी सीआरझेडची रेषा कुठून जाते, हे सगळं त्या एका कागदामागे असतं. दावा, कैफियत, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज मराठीतून. ज्याला हे येतं त्याला कोकणात काम कमी पडत नाही.

कोल्हापूर तुझ्या यादीत का नाही? ऑगस्ट 2025 पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, सुरू झालंय आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहेत. अपिलासाठी मुंबईची रात्रीची गाडी धरायची गरज राहिली नाही. राजापुरातून अणुस्कुरा घाट चढलं की कोल्हापूर. खाली दिवाणी कोर्ट, वर हायकोर्टाचं बेंच, अशी वकिली तुझ्या पिढीला करता येईल. आम्हाला ती सोय नव्हती. तिथलं शहाजी विधी महाविद्यालय पर्यायांत घाल. मात्र हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, तेव्हा इंग्रजी ड्राफ्टिंगचा कंटाळा चालणार नाही.

कॉलेज कुठलंही घे, दोन गोष्टी पाळ. प्रवेशाआधी त्याला बार कौन्सिल ऑफ इंडियाची चालू वर्षाची मान्यता आहे का ते बघ, नाहीतर सनदेच्या वेळी अडकशील. आणि 12 आठवड्यांची इंटर्नशिप प्रमाणपत्रापुरती करू नकोस. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, म्हणून पहिल्या वर्षी तालुका कोर्टात दिवाणी वकिलाकडे, दुसऱ्या वर्षी जिल्ह्याला फौजदारी बाजूला, तिसऱ्या वर्षी कोल्हापुरात.

माझं मत विचारशील तर जज व्हायचं आणि जिल्ह्यातच राहायचं असेल, तर रत्नागिरी किंवा कोल्हापूर, कर्जाशिवाय. मुंबईची वकिली मनात असेल तर चर्चगेट. बाबांना वाईट वाटेल, पण ते मी बघतो.

सोमवारी सेतूत जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअरचा अर्ज टाक. जात पडताळणीची पावती शोधून ठेव. कॅपचे पर्याय भरण्याआधी यादी पुन्हा पाठव, पहिल्या रकान्यात कोर्टाचं नाव लिहून.