वाचकांचे प्रश्न : पितळी काडतुसाची टोपी ओळखायची कशी?

प्रश्न : आमच्या वाड्याच्या माळ्यावर छऱ्याच्या बंदुकीची जुनी पितळी काडतुसं सापडली. रिकामी दिसतात. टोपी (बुडातली, दारू पेटवणारी छोटी वाटी) बॉक्सर जातीची आहे की बर्डन, हे ती न काढता कळेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कळेल, पण आधी ‘रिकामी दिसतात’ याची खात्री करा. टॉर्च लावल्यावर आतला तळ दिसलाच पाहिजे. मध्ये पुठ्ठ्याची चकती आडवी आली, तर काडतूस भरलेलं समजा. आत काही नसलं, पण बुडाच्या टोपीवर बंदुकीच्या पिनेच्या ठोक्याचा खळगा नसला, तर टोपी जिवंत असू शकते. असा नग ठोकू नका, टोकरू नका. तेलात ठेवलं की टोपी मरते, या समजुतीवर विसंबू नका. पोलीस ठाण्याला कळवा. स्वतः पिशवीत घालून नेऊ नका. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात, तेव्हा रिकाम्या नगांचंही तिथेच विचारून घ्या.

आता टोपी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, फरक असतो ऐरणीचा. पिनेचा ठोका बसला की टोपीतला स्फोटक लेप जिच्यावर चिरडतो, ती ऐरण. बॉक्सरमध्ये ती टोपीतच बसवलेली असते, म्हणून तोंडातून आत पाहिलं, तर काडतुसाच्या तळाला मधोमध एकच ठसठशीत छिद्र दिसतं, तेवढं पुरतं. बर्डनमध्ये ऐरण म्हणजे काडतुसाच्याच पितळेचा उंचवटा. मधली जागा त्याने अडवलेली, म्हणून ठिणगीची छिद्रं त्याच्या बाजूला, बारीक आणि बहुधा दोन. टोपी आधीच गळून पडली असेल तर काम आणखी सोपं : तिच्या घरात, म्हणजे ती बसायच्या खाचेत, उंचवटा दिसला की बर्डन.

छिद्रं काजळीने बुजलेली असतात, त्यामुळे दोनाचं एक भासतं. खळगा पडलेला, पूर्ण रिकामा नगच कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. काळ्या दारूची राख पाण्यात सुटते. मग बाटलीच्या ब्रशने हलकं फिरवून पुन्हा पाहा. तार खुपसू नका. छिद्र मोठं झालं तर पुरावाच गेला.

व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, नंतर लावा. बॉक्सरची ‘लार्ज पिस्तूल’ नावाच्या मापाची टोपी ५.३३ मिलिमीटर, तर बर्डनच्या मापांत ५.५ही आहे आणि ६.४५ही. ५.३३ आणि ५.५ मधला फरक गंजलेल्या कडेवर सहज चुकतो. टोपीला स्वतःची रुंद कड, साधारण ७.८ मिलिमीटरची, दिसली तर ती २०९ नंबरची, म्हणजे हल्लीच्या छऱ्याच्या काडतुसांतली. जुन्या पितळेत ती असली आणि भोवती ताज्या कातकामाच्या रेघा असल्या, तर घर मागाहून वाढवलेलं असणार. असा नग अस्सल म्हणून विकत घेऊ नये. आणि बुडाजवळ बाजूला पिन किंवा तिचं भोक असेल, तर हा सगळा खटाटोप सोडा. ते फ्रान्सच्या लफोशो या बंदूक बनवणाऱ्याच्या पद्धतीचं पिनचं काडतूस, टोपी आतच असते.

बर्डन अमेरिकेचा, बॉक्सर इंग्लंडचा, दोघांची रचना १८६६ची; पण अमेरिकेत बॉक्सर चालली आणि युरोपात बर्डन. म्हणून बुडावरच्या नुसत्या शिक्क्यावर किंवा नावावर निकाल देऊ नका, छिद्रं मोजा.

प्रश्न : अशी काडतुसं चिंचेने घासली तर चालतील? (एक वाचिका, मिरज)

उत्तर : नको. आंबट जास्त वेळ राहिलं की पितळेतलं जस्त झिजतं, पृष्ठभाग तांबूस होतो आणि उथळ शिक्का पुसट होतो. मऊ सुती कापड पुरे. अमोनियाचं क्लीनर तर अजिबात नको, आणि गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवणंही नको. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली, की आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ठोकून घडवलेल्या पितळेतला ताण, या तिन्हींचा तो परिणाम. १९२१ साली त्याचा उलगडा झाला. जुन्या टोप्यांत पाऱ्याचं संयुगही असे, त्याने पितळ ठिसूळ होतं. चेमटलेलं तोंड सरळ करायला जाल तर चीर पडेल.

प्रश्न : काडतुसाच्या बुडावर १२ आहे. म्हणजे १९१२ सालचं का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : नाही, तो बोअर, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या रुंदीचा आकडा. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास येईल तो नळीचा : साधारण १८.५ मिलिमीटर. आकडा पुसला असेल तर बुडाची कड मोजा. बाराची सुमारे साडेबावीस मिलिमीटर भरते, सोळाची साडेवीसच्या किंचित वर, विसाची साडेएकोणीसच्या आसपास.