वाचकांचे प्रश्न : मंडळाची वाइन-संध्याकाळ

महिन्यातून एकदा एकत्र जमून वाइन चाखणाऱ्या छोट्या मंडळांच्या सभासदांकडून आलेली पत्रं या वेळी घेतली आहेत. जिथे दोन पत्रांत एकच प्रश्न होता, तिथे एकच उत्तर दिलं आहे.

आम्ही बारा जण आहोत. पहिली बैठक आमच्या घरी ठरली आहे. किती वाइन ठेवायच्या, किती बाटल्या आणि किती ग्लास लागतील? – नाशिक

सहा वाइन, प्रत्येकीची एकच बाटली. 750 मिलीच्या बाटलीतून 50 मिलीचे पंधरा हिशेबाने निघतात. पण तळाचा गाळ, सांडलवंड आणि यजमानाने आधी चाखून पाहायचा घोट वजा जाता तेरा-चौदाच हाती लागतात. म्हणजे बारा जणांना एक बाटली आरामात पुरते. पंधरा जण असतील तर 40 मिली ओता. माप डोळ्यांवर सोडू नका. एका ग्लासात 50 मिली पाणी मोजून ओता, पातळीवर बाहेरून चिकटपट्टीची बारीक रेघ लावा आणि तो ग्लास समोर ठेवून बाकीचे भरा. नाहीतर पहिल्या चौघांना 80 मिली जातात आणि शेवटच्या दोघांच्या वाट्याला गाळ येतो.

ग्लास सगळे एकाच आकाराचे हवेत. चाखण्यासाठी ठरवलेला आंतरराष्ट्रीय मानकाचा (आयएसओ) ग्लास साधारण 215 मिलीचा, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता असतो. 50 मिली ओतल्यावर वर गंध साठायला जागा उरते. माणशी सहा ग्लास परवडत नसतील तर माणशी तीन, असे 36 घ्या आणि तीन-तीन वाइनच्या दोन फेऱ्या करा. दोन फेऱ्यांच्या मध्ये ग्लास पाण्याने विसळून तसाच भरू नका. तळाशी पाच मिली पाणी राहिलं तरी 50 मिलीच्या मापात ती दहा टक्के भेसळ होते. पुढच्या वाइनचा चमचाभर घोट ग्लासात फिरवून टाकून द्या, त्यानेच ग्लास तयार होतो. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास कपाटाचा वास धरतात. ते सकाळीच गरम पाण्याने धुऊन सुलटे वाळवा.

आता कुठल्या वाइन हा मुद्दा. एका संध्याकाळी एकच प्रश्न ठेवा आणि त्याचं उत्तर देतील अशाच बाटल्या आणा. सहा जणांनी आपापल्या आवडीची एकेक बाटली आणली की तुलना कशाशी कशाची करायची हेच कळत नाही, आणि पहिल्याच बैठकीत लोकांना वाटतं की आपल्याला यातलं काही समजत नाही. पहिला प्रश्न सोपा असावा. लाकडी पिंपात मुरल्याने काय बदलतं? त्यासाठी पिंप न लागलेली साधी शिराझ (ही लाल वाइन, त्याच नावाच्या द्राक्षाची) आणि नाशिकच्या सुला कंपनीची पिंपात मुरवलेली दिंडोरी रिझर्व्ह शिराझ शेजारी-शेजारी ठेवा. जमिनीने आणि हवेने काय बदलतं? एकाच वर्षाची सोव्हिन्यों ब्लाँ (ही पांढरी वाइन) नाशिकची एक आणि अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची एक घ्या. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या बाजूची मिळाली तर तीही घ्या.

वर्ष पाहताना एक गोष्ट लक्षात असू द्या. आपल्याकडे एप्रिलमध्ये वेलीची खरड छाटणी (नव्या काड्या फुटण्यासाठी), पावसाळा सरताना फळछाटणी (घड येण्यासाठी), आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे लेबलवर तोडणीचं एकच साल असलं तरी नाशिकची बाटली फ्रान्सच्या बाटलीपेक्षा वयाने सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. ताज्या पांढऱ्या वाइनमध्ये हा फरक चवीला जाणवतो.

लाल वाइन आमच्याकडे नेहमी नाकाला झोंबते आणि पांढरी नुसतीच आंबट लागते. बाटल्या महागाच्या आणल्या तरी तेच. कुठे चुकतंय? – पुणे

बहुधा तापमानात. मंडळांच्या बैठकी जितक्या यामुळे फसतात तितक्या दुसऱ्या कशाने फसत नाहीत. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा नियम जिथे खोल्या 17-18 अंशांच्या असत त्या युरोपातल्या घरांतून आला आहे. पुण्यात एप्रिलमध्ये संध्याकाळी सात वाजता खोली सहज तीसच्या पुढे असते. त्या तापमानाला अल्कोहोल भराभर उडतं, तेच तुमच्या नाकाला झोंबतं आणि फळांचा गंध त्याखाली दबतो. पांढरीचं उलट होतं. ती रात्रभर फ्रीजमध्ये राहून 4-5 अंशांवर ग्लासात आली की गंध बंद होतो आणि जिभेला थंडपणा व आंबटपणा एवढंच कळतं.

हे आकडे फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा. फसफसणारी 6 ते 8 अंश, हलकी पांढरी आणि रोझे (गुलाबी वाइन) 8 ते 10, पिंपात मुरलेली पांढरी 10 ते 13, हलकी लाल 14 ते 16, भारदस्त लाल 16 ते 18. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याचा पैसा पहिल्याच बैठकीत वसूल होतो. तीस अंशांची लाल बाटली फ्रीजमध्ये तास-दीड तास ठेवली की सतराच्या आसपास येते. पांढरीसाठी बादली वापरा: अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ, आणि बाटली मानेपर्यंत बुडालेली. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली रोवली तर खड्यांमध्ये हवा राहते आणि तेच काम दुप्पट वेळ खातं. तीन बाटल्यांना चार-पाच किलो बर्फ लागेल. मीठ घातल्यावर बादलीचं पाणी शून्याखाली जातं, म्हणून बाटली तिथे विसरू नका.

ग्लासातले 50 मिली गरम खोलीत पटकन तापतात. शक्य असेल तर ते दोन हप्त्यांत ओता, म्हणजे चर्चा होईपर्यंत पांढरी टिकेल. पंखा थेट टेबलावर नको, गंध उडून जातो.

झाकून, म्हणजे बाटली कोणती हे न कळू देता, चाखायची बैठक करायची आहे. नुसती कागदाची पिशवी पुरते का? – ठाणे

पिशवी लागतेच, पण बाटली तिच्यातूनही चुगली करते. मानेवरचं आवरण पूर्ण सोलून काढा. बूच काढून घ्या किंवा फिरकीचं झाकण लपवा, कारण झाकणाचा प्रकार पाहूनच निम्मे जण किंमत ठरवतात. खांद्याचा आकारही बोलतो: उतरत्या खांद्याची बाटली आणि ताठ खांद्याची बाटली पाहून सराईत माणूस द्राक्ष ओळखतो. सगळ्यात चांगलं म्हणजे एकाने दुसऱ्या खोलीत ग्लास भरून आणावेत आणि त्या दिवशी स्वतः मत देऊ नये.

दोन वाइनमध्ये खरंच फरक कळतो का, हे पाहायचं असेल तर तीन ग्लासांची कसोटी घ्या. तीनपैकी दोन ग्लासांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास कोणता, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतो, म्हणजे बारांत चार. बारांपैकी आठ किंवा जास्त जण बरोबर आले तर फरक खरोखर कळला असं समजायला हरकत नाही. पाच-सहा आले तर ती निव्वळ नशिबाची बाब असू शकते. ग्लासांचा क्रम प्रत्येकासाठी बदला, नाहीतर लोक मधलाच उचलतात.

आणि बोलणं बंद ठेवा. प्रत्येक वाइनला चार मिनिटं फक्त लिहायची: ग्लास न फिरवता पहिला वास, फिरवल्यावरचा वास, मग घोट, गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती सेकंद राहिली, आणि शेवटी ‘या किमतीला घेईन का’. त्याआधी कोणी मोठ्याने ‘पेरू!’ म्हटलं की उरलेल्या अकरा जणांना पेरूच येतो. मंडळाने एवढा एकच नियम पाळला तरी नव्या सभासदांची जीभ सहा महिन्यांत तयार होते, कारण ते स्वतःच्या तोंडातलं लिहायला शिकतात.

मागच्या वेळी एका बाटलीला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास होता. काहींना आला, काहींना नाही. वाइन बिघडली होती की आमचा भ्रम? – डोंबिवली

बिघडली होती. हा बुचाचा दोष आहे. बुचातल्या बुरशीची क्लोरीनयुक्त पदार्थांशी गाठ पडली की टीसीए नावाचं संयुग तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या अत्यल्प प्रमाणातही ते फळांचा गंध मारून टाकतं. प्यायला अपाय नाही, पण चाखण्यात अर्थ उरत नाही. काहींना वास का आला नाही, याचं कारण असं की प्रत्येकाच्या नाकाची पकड वेगळी असते, शिवाय दोन-तीनदा हुंगल्यावर नाक या वासाला सरावतं. म्हणून पहिला हुंगाच कागदावर उतरवायचा. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा दोष फार विरळा.

बाकीचे दोष यजमानाने अर्धा तास आधी बाटल्या उघडून तपासावेत आणि एक जास्तीची बाटली तयार ठेवावी. कुजक्या अंड्याचा किंवा नुकत्याच विझलेल्या काडीचा वास असेल तर घाबरू नका. वाइन जगमध्ये जोरात ओतून दहा मिनिटं ठेवली की बहुधा जातो. नाहीच गेला तर घासून लख्ख केलेला तांब्याचा तुकडा ग्लासात अर्धा मिनिट फिरवा आणि काढून घ्या, तांबं त्या गंधकाला धरून ठेवतं. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास मात्र जात नाही. पांढरी वाइन तपकिरी झाली असेल आणि तिला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास असेल तर तिला हवा लागली आहे. बूच वर सरकलेलं, मानेशी चिकट ओघळ आणि चवीला शिजवलेला जॅम: ही बाटली दुकानात किंवा टेम्पोत उन्हाने भाजली आहे. आपल्याकडे हा दोष बुचाच्या दोषापेक्षा जास्त भेटतो, तेव्हा दर्शनी काचेत उभी असलेली बाटली कधीच घेऊ नका. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे स्फटिक आहेत, निर्धोक.

चाखताना सोबत खायला काय ठेवावं? – कोल्हापूर

चाखताना जवळजवळ काहीच नाही. साधे कुरमुरे किंवा बिनमिठाचा पाव आणि साधं, थंड न केलेलं पाणी, एवढंच. भडंग नको. तिखटाने जिभेची आग होते, अल्कोहोल ती वाढवतं, आणि तुरट लाल वाइन त्यात आणखी भर घालते. चीजही चाखून झाल्यावर. त्यातलं मीठ आणि चरबी तुरटपणा झाकतात, मग साधी वाइनही छान वाटू लागते. खोलीत उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा आणि स्वयंपाकघरातली फोडणी त्या दोन तासांपुरती नको. बडीशेप आणि पान बैठक संपल्यावर.

कागद गोळा झाले की मग जेवा आणि उरलेल्या घोटांबरोबर ताटातल्या गोष्टी पडताळून पाहा. रव्यात तळलेला बोंबील आणि कोरडी (म्हणजे गोड नसलेली) फसफसणारी वाइन: आंबटपणा आणि बुडबुडे तेलकटपणा कापतात. चिंच-गुळाच्या अळूवडीला किंचित गोड शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन. तांबड्या रश्श्यासमोर कॅबर्ने ही तुरट लाल वाइन ठेवू नका, तोंड पेटेल. तिथे थंड, जरा गोडसर रोझे बरी. श्रीखंडासमोर कोरडी वाइन आंबट आणि पाणचट लागते. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट.

चाखलेला घोट थुंकायची लाज वाटते. थोडंच तर पितो आम्ही. – नाशिक रोड

हिशेब करून पाहा. सहा वाइन, प्रत्येकी 50 मिली, 13 टक्के अल्कोहोल: 300 मिलीत जवळपास 31 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तातही त्याने 100 मिलीमागे साठ मिलिग्रॅमच्या आसपास प्रमाण होऊ शकतं, कमी वजनाच्या स्त्रीच्या रक्तात त्याहून बरंच जास्त. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय चौथ्या वाइनपासून लिहिलेलं भरवशाचं राहत नाही, हे कागदावरचं अक्षरच सांगतं. दोघांत एक उंच, अपारदर्शक स्टीलचा डबा ठेवा, तळाशी थोडा लाकडाचा भुसा घाला म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. पहिल्या बैठकीत यजमानाने सगळ्यांदेखत थुंकलं की बाकीच्यांची लाज आपोआप मोडते. तरीही घरी जायला रिक्षा किंवा कॅबच.

हॉल भाड्याने घेऊन किंवा प्रवेशाचे पैसे घेऊन बैठक करणार असाल तर आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन एक दिवसाच्या परवान्याची चौकशी करा आणि तो काढा. सभासदत्वाला पंचवीस वर्षांची अट ठेवा, म्हणजे वयाचा वाद उरत नाही.

ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या धारा जास्त म्हणजे वाइन उंची, हे खरं का? – सातारा

नाही. अल्कोहोल पाण्याआधी उडतं, त्याने पृष्ठताण बदलतो आणि द्रव वर चढून ओघळतो. त्यावरून फार तर अल्कोहोल जास्त आहे एवढं कळेल. ग्लासाला साबण राहिला असेल तर तेही नाही.

उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं? – पुणे

लालसुद्धा फ्रीजमध्ये. 375 मिलीची रिकामी बाटली जपून ठेवा. अर्धी वाइन तिच्यात काठोकाठ भरून झाकण लावलं की हवेला जागा राहत नाही आणि ती चार-पाच दिवस चांगली राहते. अर्ध्या रिकाम्या बाटलीत पांढरी तीन दिवस, लाल तीन-चार दिवस धरा. फसफसणारीला तिचंच खास पकडीचं झाकण लागतं, तरी दुसऱ्या दिवशी संपवा. बाटलीच्या तोंडात चमचा उभा ठेवल्याने बुडबुडे टिकत नाहीत. चव उतरलेली लाल वाइन मटणाच्या मुरवणात वापरा, पण बुचाचा दोष असलेली नको, तो वास शिजवूनही राहू शकतो.